शिबिरवास, नदीकाठच्या वनोद्यानातील
नदीलगतच्या राखीव किंवा सार्वजनिक वनात तंबू वा तत्सम तात्पुरत्या निवाऱ्यात हौसेने केलेला मुक्काम, आणि त्या मुक्कामाच्या आधाराने पोहणे, होडी वल्हवणे, गळ टाकणे, पायी हिंडणे, पक्षी न्याहाळणे इत्यादी करमणुकी. बोलण्यात ‘कॅम्पिंग’ हाच शब्द रूढ आहे. ‘शिबिर’ हा संस्कृत शब्द मुळात सैन्याच्या तळाचा. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दहाव्या अधिकरणाचा आरंभही लष्करी तळाच्या (स्कंधावार) मांडणीनेच होतो. ‘कॅम्प’ची व्युत्पत्ती लॅटिन ‘कॅम्पस’ म्हणजे मोकळे मैदान या शब्दाकडे जाते. घर असताना चार दिवस तंबूत राहणे हा अर्थ मात्र एकोणिसाव्या शतकामागे फारसा नेता येत नाही.

या हौसेचा जनक म्हणून इंग्लंडमधील शिंपी टॉमस हायरम होल्डिंग (1844–1930) याचे नाव बहुतेक संदर्भग्रंथ देतात. लहानपणी, 1853च्या सुमारास, तो गाड्यांच्या तांड्याबरोबर अमेरिकेतील गवताळ प्रदेशातून गेला होता. पुढे त्याने सायकल व लहान होडी यांवरून नेता येईल असे हलके सामान सिद्ध केले, 1901मध्ये सायकलवरून भटकणाऱ्या शिबिरार्थींची संघटना उभी केली आणि 1908मध्ये सविस्तर मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तथापि त्याच्या संघटनेआधीची उदाहरणे ठळक आहेत. कनेटिकटमधील शिक्षक फ्रेडरिक विल्यम गन याने 1861मध्ये विद्यार्थ्यांना मुक्कामी नेले होते. विल्यम एच. एच. मरी या धर्मोपदेशकाच्या 1869मधील पुस्तकानंतर न्यूयॉर्क राज्यातील अ‍ॅडिरॉन्डॅक अरण्याकडे इतकी झुंबड उडाली, की त्या नवशिक्यांना ‘मरीचे मूर्ख’ असे नाव पडले. शिवाय 1880च्या दशकात टेम्स नदीवर होडीतून जाऊन काठी तंबू ठोकणारे पुष्कळ होते. 1885च्या टेम्स संरक्षण कायद्याने नदी हे सार्वजनिक करमणुकीचे स्थान असल्याचे मान्य करून तीवर निर्बंध घातले. कायदा गर्दीच्या मागून येतो, हे लक्षात घेता होल्डिंगला जनकापेक्षा संकलक व प्रचारक म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते.

राष्ट्रीय उद्यानाची कल्पनाच नदीकाठच्या शेकोटीभोवती सुचली, अशीही एक कथा आहे. 19 सप्टेंबर 1870च्या रात्री अमेरिकेतील यलोस्टोन प्रदेशाची पाहणी करणाऱ्या वॉशबर्न मोहिमेचा तळ फायरहोल व गिबन या नद्यांच्या संगमावर होता. तेथे मोहिमेतील कॉर्नेलियस हेजेस याने हा प्रदेश खाजगी मालकीत न वाटता सर्वांसाठी राखावा असे सुचवले, असे त्याचा मोहिमेतील सोबती नॅथॅनिएल लँगफर्डने 1905मध्ये, म्हणजे पस्तीस वर्षांनी, छापलेल्या वृत्तांतात म्हटले आहे. यलोस्टोन उद्यान 1872मध्ये स्थापन झाले हे निर्विवाद. शेकोटीच्या प्रसंगाबद्दल मात्र इतिहासकार ऑब्री हेन्स याने गंभीर शंका घेतली. समकालीन रोजनिशींतून कथेला पुरेसा आधार मिळत नाही, आणि राखीव भूमीचा विचार त्याआधी, 1864मध्ये कॅलिफोर्नियातील योसेमिटी खोऱ्याच्या बाबतीत, कायद्यात उतरलाही होता. आता अभ्यासकांचा कल हेन्सच्या बाजूने आहे.

आखीव शिबिरस्थळ ही मोटारगाडीने आणलेली गोष्ट होय. यलोस्टोनमध्ये मोटारींना 1915मध्ये प्रवेश मिळाला. अमेरिकी वनखात्याच्या पहिल्या सुसज्ज शिबिरस्थळांत कोलंबिया नदीच्या घळीतील ईगल क्रीकची (1916च्या सुमारास) गणना होते. पण गाड्या कोठेही उभ्या राहू लागल्या आणि ज्या झाडांसाठी लोक येत तीच झाडे खालावू लागली. वनस्पतिरोगतज्ज्ञ ई. पी. माइनेके याने कॅलिफोर्नियातील रेडवुड वनांत याचे कारण मुळांशी शोधले. चाकांनी व पावलांनी माती दबते, तिच्यातील पोकळ्या मिटतात, मुळांना हवा व पाणी पोचत नाही. हे नुसत्या हातांनीही कळते. वर्षानुवर्षे तंबू लागलेल्या जागी खुंटी हातोडीखाली वाकते, तर वीस पावलांवरच्या पाचोळ्यात तीच खुंटी टाचेने दाबताच आत जाते.

माइनेकेने 1932मध्ये मांडलेली तोड साधी आहे. एकेरी वाहतुकीचा वळसा घेणारा रस्ता, त्याला तिरके फुटलेले गाडीपुरते फाटे, प्रत्येक फाट्याशी तंबू, मेज व चूल यांच्या ठरलेल्या जागा, आणि गाडीने कड ओलांडू नये म्हणून मोठे दगड वा ओंडके. मनाईचे फलक लावण्यापेक्षा रस्त्याच्या आकारानेच माणसाला वळवायचे, हे त्यातील मर्म. मूळ आराखडा आजही बऱ्याच ठिकाणी तसाच दिसतो. पुढील संशोधनाने त्याला पुष्टीच दिली. झाडोऱ्याची बहुतेक हानी वापराच्या पहिल्या काही रात्रींतच होते, नंतरच्या वापराने ती तुलनेने थोडीच वाढते. म्हणून वर्दळीच्या भागात मुक्काम ठरावीक जागांवर एकवटतात, तर निर्मनुष्य भागात ते विखुरलेले बरे.

नदीच्या संदर्भात जागेची निवड हा कळीचा प्रश्न. काठची सपाट, मऊ, निमंत्रण देणारी जमीन बहुधा पुरानेच घडवलेली असते. वळणाच्या आतल्या बाजूची वाळू पुराबरोबर येते नि जाते, बाहेरचा काठ खालून पोखरला जातो. त्यामुळे मुक्काम वरच्या पायरीवर, म्हणजे जुन्या पूरमैदानाच्या उंचवट्यावर, असावा. पूर कोठवर चढतो हे फांद्यांवरून वाचता येते. डोक्यापेक्षा उंच अडकलेले वाळके गवत व काटक्यांचे झुबके, आणि खोडाच्या प्रवाहाकडील अंगाला खरवडलेली साल. उपनदी डोंगरातून बाहेर पडते तेथील पंख्यासारखा गाळाचा उतार विशेष फसवा. स्पेनच्या पिरेनीजमधील बिएस्कास येथे अशाच उतारावर असलेल्या शिबिरस्थळावर 7 ऑगस्ट 1996 रोजी ओढ्याचा लोंढा येऊन 87 जण दगावले. आर्कान्सातील लिटल मिझूरी नदीच्या काठी 11 जून 2010च्या पहाटे 20 शिबिरार्थी बुडाले. पाऊस वरच्या खोऱ्यात पडतो आणि पाणी झोपेत गाठते. योसेमिटीत मर्सेड नदीच्या जानेवारी 1997च्या पुरानंतर काठची दोन शिबिरस्थळे बंद झाली ती पुन्हा पूर्वीच्या रूपात उघडली नाहीत.

थंडीही नदीकडेच उतरते. रात्री उतारावरील गार, जड हवा तळाशी साचते, तंबूच्या आतल्या बाजूला दव धरते, आणि थोड्या उंचीवर रात्र बरीच कोरडी जाते. वाळक्या फांद्यांखाली तंबू लावू नये, हे सांगणे न लगे.

तंबू, भांडी घासणे व मलविसर्जन पाण्यापासून सुमारे 60 मी. दूर ठेवण्याची शिफारस सर्वत्र आढळते. खड्डा 15–20 सेंमी. खोल असावा, कारण या थरात विघटन करणारे जीव विपुल असतात. नितळ पाण्यातही जिआर्डिया हा परजीवी असू शकतो. पाणी खळखळून एक मिनिट, 2,000 मी.हून अधिक उंचीवर तीन मिनिटे, उकळावे.

मुक्कामाच्या हक्काबाबत देशोदेशी फरक आहे. नॉर्वेच्या 1957च्या कायद्यानुसार मोकळ्या, बिनलागवडीच्या जमिनीवर राहत्या घरापासून 150 मी. अंतर राखून तंबू लावता येतो. इतर पुष्कळ ठिकाणी परवाना लागतो.

जळाऊ लाकूड दुरून आणण्यास अलीकडे मज्जाव केला जातो. उत्तर अमेरिकेत 2002मध्ये आढळलेला, अ‍ॅश वृक्ष पोखरणारा हिरवा भुंगा लाकडाच्या मोळ्यांतून दूरवर पसरला. न्यूझीलंडमध्ये 2004मध्ये नदीत सापडलेल्या डिडिमो या शेवाळासारख्या जीवामुळे होड्या, जाळी व बूट एका नदीतून दुसरीत नेण्यापूर्वी तपासून, धुऊन, वाळवण्याचा दंडक आला. नमद्याच्या तळव्याच्या बुटांवर तर तेथे बंदीच आहे, कारण तो तळवा दिवसेंदिवस ओला राहतो.