किशोरवयीनांचा व्यायाम, स्क्रीन आणि स्वास्थ्य: तीन मोजपट्ट्यांची पार्श्वभूमी

किशोरवयीन मुले व्यायाम टाळतात, मोबाइलमध्ये गुंततात आणि त्यामुळे त्यांचे स्वास्थ्य बिघडते, हे विधान आज एका दमात केले जाते. प्रत्यक्षात या तीनही गोष्टी वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या अभ्यासशाखांत आणि एकमेकींची फारशी दखल न घेता मोजल्या जाऊ लागल्या.

यांतील सर्वांत जुना धागा व्यायामाचा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर डॉक्टर हान्स क्राऊस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांकडून सहा साध्या कृती करवून घेतल्या; त्यांपैकी एक होती, गुडघे न वाकवता बोटांची टोके जमिनीला टेकवण्याची. अमेरिकेतील निम्म्याहून अधिक मुले निदान एका कृतीत नापास झाली, तर युरोपातील मुलांमध्ये हे प्रमाण दहा टक्क्यांच्याही आत होते. हे आकडे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यापर्यंत पोहोचले आणि १९५६ मध्ये युवकांच्या तंदुरुस्तीसाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. मात्र हे सारे मोजमाप शरीराला काय जमते याचे होते. मुलाला ते आवडते का, हा प्रश्न त्यात नव्हताच.

तो प्रश्न १९६८ मध्ये खेळाचे समाजशास्त्रीय अभ्यासक जेराल्ड केन्यन यांनी व्यवस्थित मांडला. शारीरिक हालचालीकडे माणूस सहवासासाठी, आरोग्यासाठी, थरारासाठी, सौंदर्यासाठी, मनाचा निचरा होण्यासाठी किंवा खडतर साधना म्हणून पाहू शकतो, असे सहा पैलू धरून त्यांनी मनोवृत्ती मोजण्याची श्रेणी तयार केली. कवायतीच्या तासाला पोटदुखीचे निमित्त काढणारा मुलगा संध्याकाळी उतारावरून सायकल सुसाट का सोडतो, याचा उलगडा मला याच मांडणीत सर्वांत चांगला होतो. शालेय व्यायामाने मात्र यातील आरोग्य आणि खडतरपणा एवढेच दोन पैलू उचलले, असे वाटते.

तंत्रज्ञानाविषयीची काळजी दूरचित्रवाणीपासून सुरू झाली. १९८५ मध्ये डिएट्झ आणि गॉर्टमेकर या संशोधकांनी दूरचित्रवाणी पाहण्याचे तास आणि मुलांमधील लठ्ठपणा यांचा संबंध दाखवला. पडद्यासमोर गेलेला तास म्हणजे मैदानातून वजा झालेला तास, हा सोपा हिशेब याच काळात रुजला. व्यसनाची भाषा त्यानंतर आली, आणि तीही काहीशी गमतीने: १९९५ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ इव्हान गोल्डबर्ग यांनी निदानपुस्तिकांची थट्टा म्हणून ‘इंटरनेट व्यसन विकृती’ हे नाव काढले. मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांनी मात्र हा विषय गांभीर्याने घेतला आणि जुगाराच्या व्यसनाचे निकष बदलून आठ प्रश्नांची यादी केली, ज्यात पाच ‘हो’ आले की व्यक्ती इंटरनेटवर अवलंबून असल्याचे मानले जाई. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी २०२२ पासून लागू झाली, गेमिंगच्या विकृतीला स्थान दिले. समाजमाध्यमांच्या अतिवापराला तसे स्वतंत्र निदान तेथेही मिळालेले नाही.

स्वास्थ्य म्हणजे केवळ आजाराचा अभाव नव्हे, हे तत्त्व जुनेच. पण १९८५ मधील मानसशास्त्रज्ञ एड डीनर यांची आयुष्यातील समाधान मोजणारी पाच विधानांची श्रेणी आणि १९९८ मधील जागतिक आरोग्य संघटनेची पाच विधानांचीच प्रश्नावली यांमुळे ते मोजणे सोपे झाले.

हे धागे एकत्र बांधले गेल्यावर मात्र चित्र ठळक होण्याऐवजी धूसर झाले. २०१९ मधील एका विश्लेषणानुसार जगभरातील ११ ते १७ वयोगटातील ८१ टक्के विद्यार्थी रोज एक तासाची हालचाल करत नव्हते. त्याच वर्षी ऑर्बन आणि प्रझिबिल्स्की या संशोधकांनी साडेतीन लाखांहून अधिक किशोरांची माहिती तपासली, तेव्हा मुलामुलांच्या स्वास्थ्यात दिसणाऱ्या फरकांपैकी फार तर ०.४ टक्के फरकाचा संबंध डिजिटल साधनांच्या वापराशी लावता आला. यावरचा वाद मिटलेला नाही. शिवाय यातील बहुतेक उत्तरे मुलांनी स्वतः आठवून दिलेली असतात, आणि मोबाइल किती वेळ वापरला याचा माणसाचा अंदाज व यंत्रातील नोंद यांचा मेळ जेमतेमच बसतो, हे २०२१ मधील एकत्रित विश्लेषणाने दाखवून दिले आहे.