बंदिस्त क्रीडागृहातील फिल्म छायाचित्रण

बास्केटबॉल, बॅडमिंटन, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स असे छताखाली होणारे खेळ तिथल्याच दिव्यांच्या उजेडात फिल्मवर टिपण्याची पद्धत. डोळ्यांना लख्ख वाटणारे क्रीडागृह फिल्मच्या लेखी अंधारेच असते. भर उन्हातल्या मैदानापेक्षा तिथला उजेड सात ते आठ स्टॉपांनी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे सुमारे सव्वाशे ते अडीचशे पटींनी कमी भरतो. खेळाचा वेग मात्र तोच राहतो.

साध्या उजेडाच्या हॉलमध्ये १६०० आयएसओ (फिल्मची प्रकाशसंवेदनशीलता) आणि एफ/२.८ (लेन्सचे छिद्र; आकडा लहान तितके छिद्र मोठे) धरले तर शटर १/२५० सेकंदापर्यंत जाते. ४०० आयएसओची फिल्म ४०० लाच वापरली तर ते १/६० वर येते आणि धावणाऱ्याचे हातपाय पुसट होतात. म्हणून इथे झूमपेक्षा ८५ मिमी एफ/१.८ किंवा १३५ मिमी एफ/२ अशा मोठ्या छिद्राच्या लेन्स उपयोगी पडतात. त्याची किंमत फोकसमध्ये मोजावी लागते. १३५ मिमी लेन्स एफ/२ ला उघडली, तर आठ मीटरवरच्या खेळाडूभोवती जेमतेम चाळीस सेंटिमीटरची खोली स्पष्ट येते.

फिल्ममध्ये कृष्णधवल रोलच खरे भरवशाचे. ३५ मिमी रूपात १९५४ मध्ये आलेली कोडॅकची ट्राय-एक्स पुढे ४०० ऐवजी १६०० ला ‘पुश’ करून सर्रास वापरली गेली. कोडॅकची टी-मॅक्स पी३२०० १९८८ मध्ये आणि इल्फर्डची डेल्टा ३२०० १९९८ मध्ये आली. नावात ३२०० असले तरी दोन्हींची मूळ संवेदनशीलता १००० च्या आसपासच आहे. उरलेला वेग डेव्हलपरमधून, म्हणजे फिल्म धुण्याच्या रसायनातून, काढायचा असतो. पुश करणे म्हणजे फिल्मला मुद्दाम कमी प्रकाश देऊन ती जास्त वेळ धुणे. त्याने मधल्या आणि उजळ छटा वर येतात, दाणे आणि कॉन्ट्रास्ट वाढतो. पण सावलीत जे उमटलेच नाही ते कितीही धुतले तरी येत नाही. चेहऱ्यावर थोडा तरी उजेड पडेल अशी जागा धरणे म्हणूनच महत्त्वाचे. अख्खा रोल एकाच टाकीत धुतला जात असल्याने आयएसओ मध्येच बदलता येत नाही.

एक गोष्ट सोयीची: हॉलमधला उजेड सहसा बदलत नाही. सामन्याआधी मैदानाच्या मध्यावर आणि कडांना मोजमाप घेऊन कॅमेरा मॅन्युअलवर ठेवावा. चालू खेळात कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकावर (मीटरवर) विसंबले तर चौकटीत आलेला एखादा दिवा किंवा पांढरी जर्सी त्याला फसवते.

यापुढचे काम खेळाच्या जाणकारीचे, आणि माझ्या मते या छायाचित्रणाचे मर्म तेच. उडीच्या शिखरावर खेळाडू क्षणभर जवळजवळ स्थिर असतो, तिथे १/२५० पुरते. स्मॅशसाठी रॅकेट मागे जाऊन थांबते, रिंग्जवर जिम्नॅस्ट हातांवर तोलून धरतो, तेही असेच क्षण. फोकस आधीच जाळीवर किंवा बास्केटच्या कड्यावर लावून ठेवता येतो. एसएलआरमध्ये, म्हणजे आरशाच्या मदतीने लेन्समधलेच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात, शटर उघडताना आरसा वर जातो आणि दृश्य झाकोळते; व्ह्यूफाइंडरमध्ये नेमका क्षण दिसला, तर तो फिल्मवर आलेला नसतो. बटण त्याच्या किंचित आधी दाबावे लागते. कॅननने १९६५ च्या पेलिक्स या कॅमेऱ्यामध्ये न हलणारा अर्धपारदर्शक आरसा बसवून हे टाळले, पण तो जवळपास एक तृतीयांश प्रकाश व्ह्यूफाइंडरकडे वळवतो, आणि इथे तेवढाही जड जातो.

रंगीत फिल्मवर ट्यूबलाइट हिरवट, तर सोडियम दिवे नारिंगी छटा देतात. ट्यूबलाइटसाठीचा फिल्टर साधारण एक स्टॉप खातो. निगेटिव्ह असेल तर बरीचशी दुरुस्ती प्रिंट करताना होते, स्लाइडला (थेट सरळ रंगांचे चित्र देणाऱ्या फिल्मला) ती सवलत नाही. शिवाय ५० हर्ट्‌झ विजेवर असे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर १/१०० पेक्षा जलद झाले की लागोपाठच्या फ्रेम कमीजास्त उजळ निघू शकतात.

खेळाडूचे डोळे दिपतात म्हणून जिम्नॅस्टिक्स, बॅडमिंटन अशा खेळांत कॅमेऱ्यावरचा फ्लॅश सहसा चालत नाही. मोठ्या बास्केटबॉल सभागृहांत त्यावर तोडगा निघाला तो छतालगत बसवलेल्या शक्तिशाली स्ट्रोबचा, म्हणजे मोठ्या फ्लॅशदिव्यांचा. त्यांच्या प्रकाशात १०० आयएसओच्या स्लाइड फिल्मवरही घामाचा थेंब स्पष्ट उमटतो.