जुन्या बुलेटची सीट आणि ‘ओरिजिनल’चा घोळ

जुन्या मोटरसायकलची सीट घरी उघडून तिला नवा आकार देणाऱ्यांत एक वाद फिरून फिरून येतो. फोमला ब्लेड लावलं की सीट ‘ओरिजिनल’ राहते का? नुसतं रेक्झिन बदललं तर चालतं, मग दीड इंच उंची उतरवली तर का चालू नये? सीट कशी घडत गेली ते पाहिलं की हा वाद का मिटत नाही ते कळतं.

आधी खोगीर होतं. सायकलच्याच जातीचं, पण रुंद. वर चामडं, पुढे एक बिजागरी, मागे दोन जाड स्प्रिंगा. मागच्या चाकाला सस्पेन्शन नव्हतं, त्यामुळे खड्ड्याचा सगळा मार त्या दोन स्प्रिंगा खायच्या. मग स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक वर-खाली हलू देणारा दांड्यांचा सांगाडा आला आणि दोघांची सलग सीट शक्य झाली. ब्रिटनमध्ये हा बदल १९५० च्या आसपास झाला. आपल्याकडे मद्रासला १९५५ पासून बनू लागलेल्या बुलेटला स्विंगआर्म होता, तरीही चालकाला स्प्रिंगचं खोगीर आणि मागे वेगळी गादी ही जोडी कितीतरी वर्षं टिकली. पोलिसांच्या गाड्या आठवाव्यात.

आतलं सामानही बदलत गेलं. काथ्या आणि घोड्याचे केस गेले, लॅटेक्सचा फोम आला. ती पद्धत १९२९ ची, इंग्लंडमधली. पॉलियुरेथेनचा शोध १९३७ साली जर्मनीत लागला, पण त्याचा मऊ फोम बाजारात यायला १९५० चं दशक उजाडलं. कव्हरचं तसंच. रेक्झिन हे मुळात एका इंग्रजी कारखान्याचं व्यापारी नाव, सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप दिलेल्या नकली चामड्याचं. ते कापड कधीच मागे पडलं. आज दुकानात रेक्झिन म्हणून जे मिळतं ते पीव्हीसीचा थर दिलेलं कापड असतं. म्हणजे ज्या गाडीवर ‘मूळचं रेक्झिन’ आहे असं अभिमानाने सांगितलं जातं, तिच्यावरही बहुधा मूळचं रेक्झिन नसतंच.

आमच्या घरच्या १९७१ च्या बुलेटची लांब सीट मी पहिल्यांदा उघडली तेव्हा हे सगळं एकदम समोर आलं. वर काळं कव्हर, पांढऱ्या पाइपिंगचं. त्याखाली मरून रंगाचं दुसरं, न काढता तसंच झाकून टाकलेलं. त्याच्याही खाली, कव्हर पकडणाऱ्या पत्र्याच्या दात्यांना अडकून राहिलेली बोटभर रुंद काळी चिंधी. तेवढंच काय ते कारखान्याचं उरलेलं. फोमचे दोन तुकडे सोल्यूशनने जोडलेले, आणि सीटच्या पुढच्या टोकाला पिवळट लॅटेक्सचा भुगा, चिमटीत घेतला की पीठ होणारा.

हे सगळ्याच गाड्यांचं झालं, कारण १९८० आणि ९० च्या दशकांत सीट ही बदलायचीच वस्तू होती. गावोगावच्या सीटवाल्याकडे सकाळी गाडी लावायची, रंग निवडायचा, दुपारी घेऊन जायची. शिलाईच्या भोकांतून पावसाचं पाणी आत जायचं, फोम स्पंजासारखा पाणी धरून बसायचा, खालचा पत्रा गंजायचा. चार पावसाळ्यांत सीट पुन्हा दुकानात. या कारागिरांनी हजारो सीटांचे आकार डोळ्याच्या अंदाजाने बदलले. कोणाची बुटकी केली, कोणाला मागे टेकण दिलं. ‘ओरिजिनल’ हा शब्द तेव्हा सुट्या भागांच्या डब्यावर असायचा. त्याचा अर्थ एवढाच की माल कंपनीचा आहे, नकली नाही.

घोळ नंतर वाढला. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येणार नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. गाडी ५० वर्षांहून जुनी असावी, मूळ रूपात जपलेली असावी, मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं. इथे नीट वाचायला हवं, आणि फार थोडे वाचतात. मोठा फेरफार म्हणजे चासी (गाडीचा मूळ सांगाडा), बॉडी किंवा इंजिनातला बदल, असं नियमातच म्हटलं आहे. सीटचा फोम त्यात नाही. तरीही सीटला हात लावला की नोंदणी जाईल, अशी धास्ती पसरली आणि कुजलेला फोम जपून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत.

धोका खरा आहे तो वेगळ्या ठिकाणी. दोघांची सीट कापून एकट्याची केली की नोंदणीपुस्तकातल्या आसनक्षमतेशी मेळ बसत नाही. मागच्या माणसाला धरायला मूठ आणि पाय ठेवायला जागा हवी, हे १९८९ च्या नियमांतच आहे, त्यामुळे सीटचा पट्टा उडवून चालत नाही. या चौकटीत राहून आतला आकार बदलायला माझी पूर्ण संमती आहे. पत्र्याचा मूळ बेस आणि बाजूने दिसणारी खालची रेघ जपली की ती सीट त्याच गाडीची राहते. पाठदुखीने गाडी पडून राहण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

काम घरी आलं ते अलीकडे. शिकवणारे व्हिडिओ आले, तयार कव्हरं घरपोच मिळू लागली, आणि २०२० च्या टाळेबंदीत दुकानं बंद असल्याने अनेकांनी पहिल्यांदा दाते उचकटले. फोम भाजीच्या सुरीने कापणारे आता करवतीच्या पात्याने कापतात, वरून बोटाच्या पेराएवढा पातळ फोम चिकटवून खाचा लपवतात, आणि कव्हरखाली प्लास्टिकचा कागद घालतात. कव्हर उन्हात तापवून मग ओढतात. जुनं कव्हर आता कोणी टाकत नाही. शिवण उसवून त्याचे तुकडे वर्तमानपत्रावर पसरायचे, पेनाने कड मारायची, पुढचं-मागचं लिहून ठेवायचं. आमच्या मरून कव्हरचे पाच तुकडे तसेच माळ्यावर आहेत, त्या काळ्या चिंधीसकट.