ब्युरेटची तोटी उघडण्याआधी

फसफसणाऱ्या शीतपेयाची बाटली उघडली, लगेच १० मिलिलिटर पेय पिपेटने (ठरावीक माप उचलणाऱ्या काचनळीने) उचललं आणि टायट्रेशनला लावलं, म्हणजे त्यातलं आम्ल संपेपर्यंत किती अल्कली लागते ते मोजलं, तर आम्लता हमखास जास्त भरते. ब्युरेट, म्हणजे थेंबथेंब द्रावण सोडणारी तोटीची मापनळी, ठीक असतं, सोडियम हायड्रॉक्साइड या अल्कलीचं द्रावण नुकतंच प्रमाणित केलेलं असतं. घोळ बुडबुड्यांचा असतो. पेयात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचं कार्बनिक आम्ल होतं आणि तेही अल्कली खातं. समोरचं आम्ल फळातून आलंय की वायूतून, हे सोडियम हायड्रॉक्साइडला कळायचं कारण नाही. त्यात पिपेटमध्ये बुडबुडे अडकले, तर १० मिलिलिटर हे मापही खरं राहत नाही.

म्हणून वायू आधी घालवावा लागतो. त्यासाठी पेय जोरात ढवळतात, कोमट करतात, निर्वात पंप लावतात किंवा अल्ट्रासोनिक बाथमध्ये ठेवतात. सरसकट उकळी मात्र काढायची नाही, कारण पाणी उडून पेय दाट होतं आणि अॅसिटिक आम्लासारखी उडून जाणारी आम्लं वाफेबरोबर निघून जातात. नमुना पातळ करायला जे पाणी घ्यायचं, तेही उकळून गार केलेलं हवं. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यातही मुरतो.

टायट्रेशनचं तत्त्व साधं आहे. माहीत असलेल्या तीव्रतेचं द्रावण थेंबथेंब सोडायचं, अभिक्रिया पूर्ण झाल्याची खूण दिसली की थांबायचं आणि किती मिलिलिटर लागलं त्यावरून हिशोब करायचा. खूण बहुधा रंगाची असते, आणि अन्नपदार्थ तर रंगीतच असतात. लाल वाइनमध्ये फिनॉल्फ्थॅलीनचा (आम्ल संपलं की गुलाबी होणाऱ्या सूचकाचा) फिका गुलाबी रंग शोधणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा. तिथे नमुना भरपूर पातळ करतात किंवा सरळ आम्लता दाखवणारा पीएच मीटर लावतात. पण मीटर लावला तरी थांबायचं कुठे, हे ठरवावंच लागतं. वाइनसाठी अमेरिकी पद्धत पीएच ८.२ वर थांबते, तर द्राक्ष व वाइन यांची आंतरराष्ट्रीय संघटना ७ वर. त्यामुळे एकाच वाइनच्या आम्लतेचे दोन वेगळे आकडे निघतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

नमुना पातळ करणं हे निरुपद्रवी काम वाटतं. फळांच्या रसाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरंही आहे, कारण पाण्याने आम्लाची एकूण मात्रा बदलत नाही. दुधाचं तसं नाही. ताज्या दुधात लॅक्टिक आम्ल जवळजवळ नसतं. तरीही टायट्रेशन केलं की ‘लॅक्टिक आम्ल सुमारे ०.१५ टक्के’ असं उत्तर येतं, कारण केसीन हे प्रथिन आणि फॉस्फेटं अल्कली खातात. त्यात अल्कली घालताना कॅल्शियम फॉस्फेट साकळतं आणि आणखी थोडं आम्ल मोकळं होतं. पाणी जास्त असेल तर हे साकळणं कमी होतं आणि आम्लता कमी भरते. म्हणून दुधाच्या चाचणीत किती पाणी घालायचं, हे आधीच ठरवलेलं असतं. ‘अंदाजे घाला’ इथे चालत नाही.

तेलाची अडचण उलटी, ते पाण्यात मिसळतच नाही. तेल खवट होताना सुटणारी मेदाम्लं मोजायची, तर ते गरम अल्कोहोलमध्ये किंवा अल्कोहोल आणि ईथरच्या मिश्रणात घ्यावं लागतं. त्या द्रावकातही आम्लाचा थोडा अंश असतोच. म्हणून तेल घालण्याआधीच द्रावकात अल्कलीचे थेंब सोडून त्याला जेमतेम गुलाबी छटा आणतात. ही पायरी चुकली, तर द्रावकाचं आम्ल तेलाच्या खात्यावर चढतं.

घन पदार्थांत वेगळीच डोकेदुखी. फ्लास्कमध्ये जातात जेमतेम काही ग्रॅम, आणि त्यांनी अख्ख्या पिशवीच्या वतीने बोलायचं. खारवलेल्या पदार्थावरचं मीठ झडून पिशवीच्या तळाशी बसलेलं असेल, तर वरून उचललेला नमुना अळणीच निघणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! म्हणून सगळं एकत्र दळायचं, ढवळायचं, मगच वजन करायचं. चीजमधलं मीठ तर प्रथिनं आणि स्निग्धांशात अडकलेलं असतं. ते गरम पाण्याने बाहेर काढतात, नाहीतर मिठातल्या क्लोराइडला धरून ठेवणारं सिल्व्हर नायट्रेट घालून नायट्रिक आम्लात चीजच पचवून टाकतात.

क जीवनसत्त्वाला वेळ सोसत नाही. पेशी फुटून हवा लागली की त्याचं ऑक्सिडेशन सुरू होतं, आणि लोह-तांब्याचा अंश असेल तर ते आणखी वेगाने होतं. त्यामुळे फळ आधी वाटून मग आम्लात टाकायचं नाही, मेटाफॉस्फोरिक आम्लातच वाटायचं. ते ऑक्सिडेशन रोखतं आणि प्रथिनंही साकळून खाली बसवतं. माझ्या मते चांगला विश्लेषक या घाईच्या कामात ओळखू येतो, ब्युरेटपाशी नव्हे.

नमुना कसा तयार केला, यावर आपण नेमकं काय मोजतो आहोत हेच ठरतं. वाइन टिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचं आयोडीनने टायट्रेशन करताना वाइन नुसती आम्लधर्मी केली, तर मोकळा सल्फर डायऑक्साइड कळतो. तीच वाइन आधी अल्कलीत काही मिनिटं ठेवली, तर अॅसिटाल्डिहाइड वगैरेंशी बांधलेला भागही सुटतो आणि मग एकूण आकडा मिळतो.

या तयारीचं टोक म्हणजे डॅनिश रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल यांची प्रथिनं मोजण्याची पद्धत. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत त्यांनी ती १८८३ मध्ये मांडली. नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळून पदार्थाचं मूळ रूपच मोडायचं, त्यातला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात ऊर्ध्वपातनाने वेगळा करायचा, त्याचं टायट्रेशन करायचं आणि उत्तराला साधारण ६.२५ ने गुणून प्रथिनं काढायची. दुधासाठी हा गुणक ६.३८. पण आम्लात सगळंच विरघळल्यावर तो नायट्रोजन प्रथिनातून आला की आणखी कशातून, हे सांगायला कोणी उरत नाही. चीनमध्ये २००८ साली उघडकीला आलेल्या दूधभेसळीत नेमका याचाच फायदा घेतला होता. मेलामाइनमध्ये वजनाच्या दोन-तृतीयांश नायट्रोजन असतो, त्यामुळे पाणी घातलेलं दूधही चाचणीत प्रथिनयुक्त ठरत होतं. हे टाळायला एक जादा पायरी पुरते. पचवण्याआधी दुधात ट्रायक्लोरोअॅसिटिक आम्ल घालायचं. प्रथिनं साकळून गाळणीवर राहतात, मेलामाइनसारखे छोटे रेणू गाळून खाली जातात. मग आम्लात उकळायचा तो फक्त गाळणीवरचा साका.