कॅसेट आधी, फोटो नंतर
जुने फोटो, कॅसेटी आणि रिळं डिजिटल करून घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक खाली उतरते आणि पुढच्या आठ दिवसांत आमच्या दुकानात पिशव्या यायला लागतात. बहुतेक पिशव्यांत फोटोंचे अल्बम असतात. कॅसेटींचं विचारलं की उत्तर येतं, "आहेत की घरात पाच-सहा, पण त्या आता कुठं लागणार?" लागतात. म्हणून आमचं पहिलं सांगणं हेच, की त्या आधी घेऊन या. फोटो आणखी दहा वर्षं थांबेल. कॅसेट थांबेलच असं नाही.

फोटो पिवळा पडला, कोपरा कसरीनं खाल्ला, तरी डोळ्यांना दिसतो. कॅसेटमधलं काही बघायचं तर यंत्र लागतं, आणि ती यंत्रं आता बनत नाहीत. जपानच्या फुनाई कंपनीनं जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, त्यानंतर नवा व्हीसीआर बाजारात आलेला नाही. आमच्याकडची यंत्रं आम्ही दोन जुन्या यंत्रांचे भाग काढून तिसऱ्यात घालून चालू ठेवली आहेत. ती चालू आहेत तोवर तुमचं काम करून घ्या, असं आम्ही मनापासून सांगतो.

दुसरं कारण आपल्या बेळगाव भागातल्या हवेत आहे. कॅसेटची फीत म्हणजे प्लास्टिकची पातळ पट्टी. तिच्यावर चुंबकीय भुकटीचा थर असतो आणि तो थर एका चिकट द्रव्यानं धरून ठेवलेला असतो. हे द्रव्य हवेतला ओलावा पितं. वर्षानुवर्षं ओलावा प्यायला की ते मऊ आणि चिकट होतं, आणि फीत यंत्रात फिरताना भुकटी हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, चिकटून निघून येते. त्या भुकटीतच तुमचं चित्र आणि आवाज असतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला चार महिने भिंतीसुद्धा वाळत नाहीत. त्या बाजूच्या कौलारू घरांत माळ्यावर ठेवलेल्या कॅसेटींवर आम्हाला बुरशी हमखास दिसते. निपाणी-चिकोडीच्या कोरड्या बाजूनं आलेल्या कॅसेटी त्यामानानं बऱ्या असतात.

घरच्या घरी एवढं बघा. व्हीएचएस कॅसेट उजेडात धरून खिडकीतून गुंडाळीकडं बघा. फीत सारखी काळी, चकचकीत दिसली तर ठीक. कडेला कापसासारखे पांढरे ठिपके किंवा भुरकट थर दिसला तर ती बुरशी. अशी कॅसेट कुठल्याही यंत्रात घालू नका. बुरशी हेडला लागते आणि त्यानंतर घातलेल्या चांगल्या कॅसेटीही खराब होतात. आम्ही अशा कॅसेटी वेगळ्या ठेवतो, आधी कोरड्या करतो, फीत हळूहळू पुसून घेतो आणि मगच लावतो. त्याला दिवस लागतात.

घरातला जुना व्हीसीआर "चालतोय का बघूया" म्हणून लावू नका, ही आमची कळकळीची विनंती आहे. आतले रबरी पट्टे आणि चाकं वीस वर्षांत मऊ पडलेली किंवा कडक झालेली असतात. यंत्र फीत ओढून घेतं आणि परत गुंडाळत नाही. मग ती चुरगळून तुटते. तुटलेली फीत आम्ही जोडतो, पण जोडापाशी क्षणभराचं चित्र जातं. नेमकं तिथंच अंतरपाट खाली गेलेला असला तर?

व्हीएचएस आणि ऑडिओ कॅसेटच्या पाठीमागच्या कडेला प्लास्टिकची छोटी कळ असते. ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्ड होत नाही (ऑडिओ कॅसेटला दोन्ही बाजूंसाठी वेगवेगळी कळ असते). आमच्या स्वतःच्या घरात वडिलांच्या आवाजातलं भजन एका चुकीच्या बटणामुळं क्रिकेटच्या धावत्या वर्णनाखाली गेलं, ते परत आलं नाही. आजच ती कळ मोडून ठेवा.

ऑडिओ कॅसेटींबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण लोक त्या सर्वांत आधी टाकून देतात. आखातात नोकरीला गेलेल्यांनी टू-इन-वनवर बोलून पाठवलेल्या कॅसेटी आपल्या भागात कितीतरी घरांत आहेत. पत्र लिहायला येत नव्हतं त्या आईनं त्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर उत्तर दिलेलं असतं. जात्यावरच्या ओव्या, गल्लीतल्या गणपतीपुढची आरती, रेजिमेंटमधून सुटीवर आलेल्या मुलाचं घरच्यांशी बोलणं, हे सगळं आमच्या कानांवरून गेलं आहे. फोटोत आज्जी दिसते, पण तिची हाक फक्त कॅसेटीत असते. वर सिनेमाच्या गाण्यांचं लेबल असलं तरी कॅसेट टाकू नका. बी बाजूची शेवटची पाच मिनिटं ऐकल्याशिवाय त्यात काय आहे ते कळत नाही.

कॅसेटच्या तोंडाशी फीत हेडवर दाबणारा नमद्याचा छोटा तुकडा असतो. तो पडला की आवाज बसका येतो आणि लोकांना वाटतं कॅसेट गेली. तुकडा बदलता येतो. कवच फुटलं असेल तर फीत काढून नव्या कवचात घालतो. साठ मिनिटांच्या कॅसेटची फीत नव्वदच्या मानानं जाड असते, म्हणून ती जास्त टिकते. नव्वदवाल्या आधी आणा.

कामाला वेळ का लागतो, हे बरेच जण विचारतात. फीत तिच्या मूळ वेगानंच चालवावी लागते. तीन तासांच्या लग्नाच्या कॅसेटला तीन तास जातात, आणि कुणीतरी समोर बसून लक्ष ठेवावं लागतं. "मशिनमध्ये घाला आणि कॉपी करा" असं हे काम नाही.

आमच्याकडं आधीच सीडी आहे, असं म्हणणाऱ्यांसाठी

२००० नंतर अनेकांनी लग्नाच्या कॅसेटी सीडीवर करून घेतल्या आणि मूळ कॅसेट बिनकामाची म्हणून बाजूला टाकली. अशा सीडीचं, म्हणजे व्हीसीडीचं, चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं असतं. आपल्या टीव्ही पद्धतीचं पूर्ण चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांत साठवता येतं. व्हीसीडी करताना चित्राच्या निम्म्या रेषा गेल्या, हालचालीतला सफाईदारपणाही गेला. शिवाय घरी भरलेल्या सीडी-डीव्हीडीवरचा रंगाचा थर कालांतरानं उतरतो आणि मग ती कुठल्याच यंत्रात उघडत नाही. मूळ कॅसेट अजून घरात असेल तर तीच आणा. सीडीही सोबत असू द्या, म्हणजे कॅसेटमधला एखादा खराब भाग तिच्यावरून भरून काढता येतो.

मिनी डीव्ही, म्हणजे हँडीकॅमच्या छोट्या कॅसेटची गोष्ट वेगळी. ती मुळातच डिजिटल असते, त्यामुळं योग्य केबलनं उतरवली तर दर्जा जराही कमी होत नाही. एका तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते, एवढं ध्यानात ठेवा.

भिजलेले अल्बम

ऑगस्ट २०१९ च्या पुरात घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय, वेदगंगा, दूधगंगा या नद्यांच्या काठची घरं पाण्याखाली गेली. त्यानंतर आमच्याकडं आलेल्या बऱ्याच फोटोंचं नुकसान पाण्यात झालं नव्हतं, नंतर वाळवताना झालं होतं. म्हणून हे पुढच्या पावसाआधी वाचून ठेवा.

फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो. ओला असताना तो फुगतो, आणि दोन फोटो एकमेकांवर तसेच वाळले की डिंकानं चिकटवल्यासारखे होतात. मग ओढलं की एकाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीवर निघतो. भिजलेला अल्बम उन्हात ठेवू नका, तव्यावर किंवा चुलीजवळ तर नकोच. फोटो ओले असतानाच, स्वच्छ गार पाण्यात बुडवून हलक्या हातानं सुटे करा. चिखल असेल तर पाणी बदला, पृष्ठभाग चोळू नका. मग चित्राची बाजू वर करून सुती कापडावर सावलीत पसरा. दोन दिवसांत एवढं जमणार नसेल तर फोटोंच्या मधे प्लास्टिकचा कागद घालून पिशवीत बांधा आणि फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. बुरशी तिथं वाढत नाही, आणि नंतर सवडीनं काम करता येतं. हातानं रंग भरलेले फोटो आणि घरच्या इंकजेट प्रिंटरवरचे फोटो मात्र पाण्यात घालू नका, त्यांचा रंग पाण्यात विरघळतो.

फ्रेममधला फोटो भिजला तर ओला असतानाच काचेपासून सोडवा. काचेला चिकटून वाळलेला असेल तर हात लावू नका, काचेसकट आणा. आम्ही काचेवरूनच त्याची प्रतिमा घेतो. आत पाणी गेलेली कॅसेट फिरवून बघू नका, हेअर ड्रायरखाली धरू नका. कवच धुवायला बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी वापरा आणि आतला चिखल वाळायच्या आत, पिशवीत घालून त्याच दिवशी आणा.

फोटो आणि निगेटिव्ह

प्रिंट सापडली की निगेटिव्हही हुडका. स्टुडिओच्या पाकिटात प्रिंटमागं सरकवलेल्या तपकिरी पट्ट्या लोक कचरा समजून टाकतात. खरं चित्र त्यांच्यातच असतं. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या रंगीत प्रिंट उजेडानं आणि काळानं लालसर होतात, पण तीच निगेटिव्ह अनेकदा बऱ्या अवस्थेत निघते. ३५ मि.मी. निगेटिव्हची चौकट फक्त २४ बाय ३६ मि.मी. असते. ती आम्ही ४००० डीपीआयवर (इंचाला ४००० ठिपके) घेतो, म्हणजे दोन कोटींच्या आसपास ठिपके मिळतात. त्यावरून भिंतीवर लावण्याजोगा मोठा फोटो निघतो. आग्फाच्या क्लिक थ्री कॅमेऱ्यानं काढलेल्या चौकोनी निगेटिव्ह आणखी मोठ्या असतात, आणि साधं भिंग असूनही आपण विचार करतो त्यापेक्षा चांगल्या निघतात. प्रिंट साधारण ६०० डीपीआयवर घेतो, पासपोर्ट आकाराच्या असल्या तर १२०० वर.

चिकटपट्टीच्या पानांचे, वर प्लास्टिकचा कागद असलेले अल्बम सर्वांत त्रासदायक. त्यांचा डिंक पिवळा पडून फोटोत मुरतो. फोटो निघत नसेल तर दात स्वच्छ करायचा धागा मागून हळूच सरकवा, तरीही अडला तर अल्बम तसाच द्या. जुने काळ्या पानांचे, कागदी कोपऱ्यांचे अल्बम मात्र सुटे करू नका. फोटो ज्या क्रमानं लावलेत तो क्रमही घरातल्या कुणीतरी विचार करून लावलेला असतो. आम्ही आधी पूर्ण पानाचं चित्र घेतो, मग एकेका फोटोचं.

संगणकानं चेहरा "स्पष्ट" करून देणारी ॲप आता सगळ्यांच्या फोनवर आहेत. ती पुसट चेहऱ्याच्या जागी स्वतः कल्पून दुसरा चेहरा काढतात. आज्जीचे डोळे आज्जीचेच राहिले पाहिजेत, असं आमचं ठाम मत आहे. ओरखडे, डाग काढायचे असतील तर ते वेगळ्या प्रतीवर करतो. मूळ स्कॅन जसंच्या तसं तुमच्या हातात देतो.

रिळं आपल्याकडं थोड्याच घरांत आहेत. आठ मि.मी.च्या रिळावरची छिद्रं मोठी असतील तर ते जुनं, लहान असतील तर १९६५ नंतरचं सुपर एट. पंधरा मीटरचं सुपर एट रीळ साडेतीन मिनिटांपेक्षा थोडं कमी चालतं. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर तो सडण्याचा वास आहे, ते रीळ इतरांपासून वेगळं ठेवून लगेच आणा. जुन्या प्रोजेक्टरवर चालवू नका. ३५ मि.मी.चं, १९५० च्या आधीचं सिनेमाचं रीळ सापडलं तर ते पेट घेणाऱ्या नायट्रेटचं असू शकतं. ते आम्ही घेत नाही, त्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी बोला.

नावं

गांधीजी अध्यक्ष असलेलं काँग्रेसचं एकमेव अधिवेशन डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात भरलं. त्या काळातला, पांढऱ्या टोप्या घातलेल्या माणसांचा एखादा गटफोटो घरात असला तर आज मागच्या रांगेतलं डावीकडून तिसरं कोण, हे कुणालाच सांगता येत नाही. शंभर वर्षं जायची गरज नाही. तुमच्या लग्नाच्या फोटोतली मामांच्या शेजारची बाई कोण, हे सांगणारी अक्का आता पंच्याऐंशी वर्षांची आहे.

म्हणून फोटो द्यायच्या आधी घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर अल्बम ठेवा आणि फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. नावं लिहीत बसलं की ते थकतात. नुसतं बोलू दिलं तर हे लग्न कुठल्या साली झालं, कुणाची सोयरीक कशी मोडली, सगळं येतं. तो आवाज आम्ही फोटोंसोबत त्याच फोल्डरमध्ये जोडून देतो. फोटोच्या मागचीही बाजू आम्ही घेतो, कारण तिथं पेन्सिलीनं लिहिलेलं असतं, कधी मराठीत, कधी मोडीत, स्टुडिओचा शिक्का कधी कन्नडमध्ये. गावाचं नाव तुमच्या घरात जसं म्हणतात तसं आम्ही लिहितो. २०१४ पासून कागदोपत्री बेळगावी झालं, तरी १९६२ च्या फोटोमागं आजोबांनी बेळगाव लिहिलं असेल तर ते तसंच राहील, शेजारी आजचं नाव येईल. मुलं कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकली असतील तर नावांची यादी दोन लिप्यांत करून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

तुमच्या हातात काय पडेल

फोटोंच्या दोन प्रती मिळतात. टीआयएफएफ ही जपून ठेवायची, जेपीजी ही पाठवायची आणि छापायची. व्हिडिओ एमपीफोरमध्ये. व्हॉट्सॲपवर फोटो साधेपणानं पाठवला की तो लहान होतो, म्हणून "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा आणि तिकडून आलेला फोटो मूळ समजून ठेवू नका.

नुसत्या पेन ड्राइव्हवर ठेवून कपाटात टाकू नका. वीज न मिळता तो वर्षानुवर्षं पडून राहिला तर त्यातलं जाऊ शकतं. तीन प्रती ठेवा. एक घरच्या हार्ड डिस्कवर, एक ऑनलाइन, आणि एक पुण्याला किंवा गोव्याला राहणाऱ्या भावाकडं. पूर आला, चोरी झाली तरी तिसरी प्रत वाचते. वर्षातून एकदा उघडून बघा.

दर सोबतच्या वेगळ्या कागदावर आहेत. फोटो नगावर, कॅसेट प्रत्यक्ष निघालेल्या तासांवर. कॅसेट कोरी निघाली किंवा काहीच उतरलं नाही तर पैसे घेत नाही. एकदम वीस कॅसेटी देण्याआधी एक देऊन काम बघा, आम्हालाही तेच आवडतं. मूळ सगळं परत मिळतं, पोचपावतीवर एकेक वस्तू लिहून. आमच्याकडची प्रत तुम्ही तपासून "बरोबर आहे" म्हटल्यानंतर तीस दिवसांनी पुसतो. तुमचे फोटो आमच्या जाहिरातीत किंवा फेसबुकवर कधीही लावत नाही.

येताना कॅसेटी उभ्या ठेवून आणा, गाडीच्या तापलेल्या डिकीत नको. पावसाळ्यात येत असाल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणा. आल्या आल्या लावून दाखवा म्हणू नका. एक रात्र आम्ही त्या कोरड्या खोलीत ठेवतो आणि सकाळी तुम्हाला बोलावतो. पहिली कॅसेट चालू होताना तुम्ही समोर असलात तर फार बरं. पडद्यावर कोण आलं, ते आम्हाला ओळखता येत नाही.