कळवणं वेगळं, तक्रार वेगळी

रस्त्यावरचा दिवा बंद पडला की आपण म्हणतो, ‘तक्रार टाक’. पंधरा दिवसांनी दिवा तसाच असला तरी म्हणतो, ‘तक्रार टाक’. शब्द एकच, पण गोष्टी दोन आहेत. त्यांची गल्लत झाली की कळकळीने दिलेली माहितीसुद्धा वाया जाते.

पहिली गोष्ट म्हणजे बिघाड कळवणं. यात कोणाची चूक काढायची नसते. दिवा गेल्याचं महापालिकेला बहुतेक वेळा कोणी सांगितल्याशिवाय कळतच नाही. दुसरी गोष्ट, म्हणजे खरी तक्रार, दिव्याबद्दल नसतेच. कळवल्यानंतर जे झालं, किंवा झालं नाही, त्याबद्दल ती असते.

इंग्लंडमध्ये स्थानिक प्रशासनांवर देखरेख ठेवणाऱ्या लोकपालाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढलेल्या संहितेत हा फरक स्पष्ट केला आहे. सेवेची मागणी ही तक्रार नव्हे, मात्र तिचीही नोंद ठेवलीच पाहिजे. तक्रार आली तर कामकाजाच्या ५ दिवसांत पोच द्यायची आणि पोच दिल्यापासून १० दिवसांत उत्तर. त्याने समाधान झालं नाही तर दुसरा टप्पा, त्याला २० दिवस. म्हणजे उत्तर देण्याची ही मुदत तक्रारीला लागू होते, नुसत्या कळवण्याला नाही.

कळवताना राग बाजूला ठेवावा असं मी आग्रहाने सांगेन. ‘या भागाकडे कोणाचंच लक्ष नाही’ हे वाक्य खरं असेलही, पण ते वाचून दुरुस्तीची गाडी कुठे पाठवायची? खांबाचा क्रमांक, रस्त्याची कुठली बाजू, कधीपासून, एवढं हवं. दिवा पूर्ण बंद आहे, उघडझाप करतोय की दिवसाही चालू राहतोय, हेही लिहावं, कारण तीनही बिघाडांची कारणं वेगळी असू शकतात. रस्त्यावर पाणी साचलं असेल तर ते स्वच्छ आहे की घाण वास येतोय? पहिल्याचं मूळ पाणीपुरवठ्याच्या नळात असू शकतं, दुसऱ्याचं सांडपाण्याच्या वाहिनीत, आणि ही कामं बऱ्याचदा दोन वेगळे विभाग पाहतात. खड्ड्याचा फोटो जवळून काढतात तसा एक लांबूनही काढावा, मागे एखादी कायमची खूण दिसेल असा.

असं साधं कळवणंही दुबळं नसतं. न्यूयॉर्क राज्यातल्या अनेक शहरांत नियम असा, की रस्त्यातल्या दोषाची लेखी सूचना शहराला आधी मिळालेली नसेल, तर त्या दोषामुळे झालेल्या इजेसाठी शहराला सहसा जबाबदार धरता येत नाही. अल्बनी शहराविरुद्धच्या एका खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ठरवलं, की ‘सीक्लिकफिक्स’ या ऑनलाइन व्यवस्थेत नागरिकांनी केलेल्या नोंदी अशी लेखी सूचना ठरू शकतात. कोणीतरी दोन मिनिटं काढून टाकलेली नोंद पुढे दुसऱ्या कोणाच्या न्यायासाठी उभी राहू शकते. तोंडी सांगण्यापेक्षा लिहून कळवावं, ते यासाठी.

तुटून लोंबणारी वीजतार किंवा गॅसचा वास, हे या दोन्हींत बसत नाही. तिथे थेट आपत्कालीन क्रमांकच लावायचा. उलट बंद दिव्यासाठी तो क्रमांक अडवायचा नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराने १९९६ मध्ये ३११ हा वेगळा क्रमांक सुरू केला तो याचसाठी, ९११ या आपत्कालीन क्रमांकावरचा बिनतातडीच्या फोनांचा भार हलका व्हावा म्हणून.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र दुसऱ्याच एका चुकीने होतं. ‘काम पूर्ण’ असा संदेश येतो, बाहेर पाहावं तर अंधार तसाच. आपण चिडून पुन्हा नवी नोंद टाकतो. नव्या नोंदीला नवा क्रमांक, नवी तारीख. कागदोपत्री बिघाड आजचाच ठरतो, आणि जुनी नोंद वेळेत काम झालं म्हणून हिशेबात जमा होते. आपणच आपले पंधरा दिवस पुसून टाकतो. इथे पुन्हा कळवायचं नसतं, इथे तक्रार करायची असते. तिला लांबलचक अर्ज लागत नाही: ‘अमुक क्रमांकाची नोंद अमुक तारखेला काम पूर्ण म्हणून बंद केली. त्याच रात्री काढलेला फोटो सोबत जोडला आहे. दिवा बंद आहे. न पाहता नोंद कोणी बंद केली, हे लेखी कळवावं.’