सांगाडा गेला, मशाल उलटली

रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकात दोन पोपांची स्मारकं आहेत. दोघेही गुडघे टेकून प्रार्थना करताहेत. बदललाय तो मृत्यू. शिल्पकार बर्निनीच्या हातून १६७८ साली पुरं झालेल्या सातव्या अलेक्झांडरच्या स्मारकात दगडी वस्त्र खालून उचलत कांस्याचा सांगाडा बाहेर येतो आणि वाळूचं घड्याळ उंच धरतो: वेळ संपली. तेराव्या क्लेमेंटचं स्मारक शिल्पकार कानोव्हाने १७९२ साली पुरं केलं. तिथे सांगाड्याच्या जागी पंख असलेला एक देखणा तरुण खिन्नपणे रेलून बसला आहे. हातात मशाल आहे, पण उलटी.

मधल्या शंभरेक वर्षांत काय घडलं? पॉम्पेईचं उत्खनन १७४८ साली सुरू झालं आणि प्राचीन रोमचं वेड युरोपभर पसरलं. पण मशालीपुरतं बोलायचं तर मुख्य नाव जर्मन लेखक लेसिंगचं. क्लॉट्झ नावाच्या प्राध्यापकाशी त्याची जुंपली होती. त्या भांडणातून १७६९ साली त्याने एक निबंध लिहिला: प्राचीनांनी मृत्यू कसा दाखवला? त्याचं म्हणणं, होमरच्या काव्यात निद्रा आणि मृत्यू ही जुळी भावंडं आहेत आणि युद्धात पडलेल्या सार्पेडॉनचा देह तेच दोघे उचलून घरी नेतात. रोमन दगडी शवपेट्यांवर उलट्या मशालीवर टेकून उभा असलेला पंखवाला मुलगा दिसतो, तोच मृत्यू. जुन्या कलेत सांगाडे सापडतात, पण ते भटक्या आत्म्यांचे. वाद घालावा तर असा! पुढे शिल्पकारांनी सांगाडा जवळजवळ टाकूनच दिला.

उलट्या मशालीचा मूळ अर्थ सरळ आहे: आयुष्य विझलं. एकोणिसाव्या शतकातल्या ख्रिस्ती दफनभूमींत मात्र उलट्या मशालीचीही ज्वाळा पेटती कोरलेली दिसते, आणि तिचा अर्थ आत्मा विझत नाही असा लावला जातो. आपल्याला हे ओळखीचं वाटेल. आग खाली तोंड करून धरली तरी तिची शिखा खाली जात नाही, हे भर्तृहरीने नीतिशतकात म्हटलंय. अर्थात तिथे विषय धैर्याचा आहे, मृत्यूचा नव्हे.

बाकीची चिन्हंही अशीच उसनी. ओबेलिस्क, म्हणजे वर निमुळता होत जाणारा उंच चौकोनी दगडी खांब, मुळात इजिप्तचा. रोमन सम्राट ऑगस्टसने असे खांब रोमला आणून उभे केले आणि तिथून ते युरोपच्या थडग्यांवर गेले. पिरॅमिडचंही तेच. सेस्टियस नावाच्या रोमन अधिकाऱ्याचं थडगं म्हणून इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दशकांत, त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे, रोममध्ये पिरॅमिड बांधला गेला. शिक्षणाचा भाग म्हणून इटली पाहायला जाणारे इंग्रज तरुण तो पाहत.

ही आवड कंपनी सरकारबरोबर इकडे आली. १७६७ साली सुरू झालेल्या कोलकात्याच्या साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमीत पिरॅमिड आणि ओबेलिस्क यांची गर्दी आहे. १७९४ साली वारलेल्या, संस्कृतचा अभ्यासक असलेल्या विल्यम जोन्सच्या थडग्यावर उंच ओबेलिस्क आहे. मुंबईत फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्येही त्याच धाटणीची पांढरी संगमरवरी स्मारकं भिंतींना लागून आहेत.

मला यात सगळ्यांत गंमत वाटते ती कलशाची. रोमन लोक बराच काळ दहन करत आणि रक्षा कलशात ठेवत, म्हणून त्यांच्या थडग्यांत कलश. आपण अस्थिकलश पाहिलेली माणसं, त्यामुळे अशा युरोपीय स्मारकावरचा कलश पाहून आत कुणाची तरी रक्षा असेल असं सहज वाटतं. प्रत्यक्षात तो अनेकदा पोकळही नसतो, नुसता भरीव दगड. आणि ज्याच्यासाठी तो घडवला, तो माणूस जमिनीखाली सबंध पुरलेला.